सिरॉसिसच्या पेशंटनं समुद्रावर जावं का?

दिवाळीच्या तोंडावर कोकणात निघालेल्या वाचकांची पत्रं येतातच. यंदा त्यातली बरीच यकृताचा आजार असलेल्या घरांतून आली आहेत, म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडला राहतो. ह्यांचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. वय ५६. बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे आणि मागच्या वर्षी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) केल्यावर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार, निघाला. ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरी नातेवाईक आपसांत कुजबुजतात. त्याचा ह्यांना आजारापेक्षा जास्त त्रास होतो. एकदा पोटात पाणी झालं होतं, आता गोळ्यांवर बरं आहे. मुलगा गोव्यात नोकरीला आहे. दिवाळीत तो आम्हाला मालवण-तारकर्लीला नेतो म्हणतोय. शेजारच्या एकानं सांगितलं, लिव्हरच्या माणसानं मासळीला शिवायचंच नाही, समुद्रात पायसुद्धा घालायचा नाही, जंतू होऊन माणूस दोन दिवसांत जातो. दुसरे म्हणतात, असं काही नसतं ओ, मासे खाल्ल्यानं ताकद येते. मुलगा म्हणतो, तिकडं हॉटेलात कच्ची कालवं (ऑयस्टर) लिंबू पिळून देतात, बाबांना एकदा चव दाखवू. मासे म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. सहल रद्द करू का? — एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सहल रद्द करू नका. मासेही बंद करू नका. मुलाला मात्र माझा निरोप सांगा : बाबांना कच्चं कालव एकही द्यायचं नाही, चवीपुरतंसुद्धा नाही. आणि ह्यांच्या पायाला भेग, फोड, खरचटलेलं काहीही असेल तर खाऱ्या पाण्यात उतरू द्यायचं नाही. एवढं सांभाळा आणि खुशाल जा.

शेजाऱ्यांनी तुम्हाला घाबरवलं, पण ते अगदीच खोटं बोलले नाहीत. त्या जंतूचं नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस. पटकीच्या जंतूच्या कुळातलाच हा, पण याला मीठ लागतं. म्हणून तो समुद्रात असतो, आणि नदीचं गोडं पाणी मिसळून जिथं खारटपणा कमी होतो त्या खाडीत तर त्याचं चांगलंच फावतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याची वाढ जोरात होते. थंड देशांत हा उन्हाळ्यातला आजार मानतात. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी बारा महिने कोमट असतं, आणि आपल्याकडच्या पाण्यात, मासळीत हा जंतू सापडलेलाही आहे. घाणीशी त्याचा संबंध नाही. तळ दिसेल इतक्या नितळ पाण्यातही तो असू शकतो, त्यामुळे ‘तिथलं पाणी किती स्वच्छ आहे’ या बोलण्यावर निर्धास्त होऊ नका.

कालवं, शिणाणे, तिसऱ्या हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. पाण्यात जंतू असले की ते त्यांच्या मांसात साठत जातात. जंतू असलेल्या आणि नसलेल्या कालवात वासाचा, रंगाचा, चवीचा काही म्हणता काही फरक नसतो. लिंबू पिळून तो मरत नाही, तिखट सॉसनं मरत नाही, सोबत दारू घेतली म्हणूनही मरत नाही. बर्फानं त्याची वाढ थांबते, तो मरेल याची खात्री नाही.

मुलगा म्हणेल, मी मित्रांबरोबर खाल्ली, मला काही झालं नाही. खरं असेल ते. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, झालंच तर जुलाब-उलट्या होऊन थांबतं. पण आपल्या आतड्यातून निघालेलं सगळं रक्त आधी लिव्हरमध्ये येतं, आणि तिथल्या कुप्फर नावाच्या पेशी त्यातले जंतू धरून संपवतात. हा शरीराचा जकात नाकाच समजा. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं, रक्ताला आत शिरायला वाट मिळत नाही, मग ते आडवाटा काढतं आणि नाका चुकवून थेट अंगभर जातं. जंतूही त्याच्याबरोबर जातात. दुसरं कारण लोहाचं. हा जंतू लोहावर पोसतो. निरोगी शरीर आपलं लोह बंदोबस्तात ठेवतं. बिघडलेल्या लिव्हरला तो बंदोबस्त जमत नाही, मग रक्तात शिरलेल्या जंतूला आयतं खाद्य मिळतं. थॅलेसेमियाच्या आणि अंगात लोह साठण्याचा आजार असलेल्या रुग्णांनाही याच कारणानं धोका असतो. ह्यांना वर शुगर आहे. ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर पोटातलं आम्लही कमी झालेलं असतं, म्हणजे जंतूंना अडवणारी पहिली भिंतच खचलेली. (गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ती बहुतेक कारणानं दिलेली असते.)

आजार दुर्मिळ आहे, हे मी मुद्दाम सांगते. पण सिरॉसिसच्या माणसाच्या रक्तात हा जंतू शिरला तर निम्मे किंवा त्याहून जास्त रुग्ण वाचत नाहीत. जखमेतून झालेल्या आजारात साधारण पाचातला एक दगावतो, आणि कधी कधी पहिल्या एक-दोन दिवसांतच. असला धोका एका घासासाठी घ्यायचा नसतो. कॅलिफोर्नियात कच्च्या कालवांमुळे वर्षानुवर्षं माणसं मरत होती. २००३ साली त्या राज्यानं नियम केला, की मेक्सिकोच्या आखातातली कालवं एप्रिल ते ऑक्टोबर या काळात जंतू मारण्याची प्रक्रिया केल्याशिवाय विकायची नाहीत. ते मृत्यू जवळजवळ थांबले. आपल्या घरात ती प्रक्रिया म्हणजे चुलीवर नीट शिजवणं, आणि मालवणी बायका ती पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. कालवांचं सुकं काय किंवा वाटण लावलेला रस्सा काय, भांड्यात रटरटतोच. ते ह्यांनी पोटभर खावं.

शिजवण्याबद्दल थोडं नेमकं सांगते, कारण घरगुती खाणावळीत तुम्ही हे विचारू शकता. शिंपल्या उकळत्या पाण्यात टाकल्या की तोंड उघडतात. तोंड उघडलं म्हणजे शिजलं, असं नाही. त्यानंतर आणखी ३ ते ५ मिनिटं उकळू द्यायच्या. ज्या उघडतच नाहीत त्या टाकून द्यायच्या, चमच्यानं उचकटून खायच्या नाहीत. एकशिपी करताना शिंपल्या आधीच विळीवर फोडलेल्या असतात, तिथं तोंड उघडण्याची खूण चालत नाही. म्हणून मसाल्याला उकळी फुटल्यावर निदान ३ मिनिटं झाकण ठेवायला सांगा. कोळंबी आतपर्यंत पांढरी-गुलाबी झाली पाहिजे, मधे काचेसारखा अर्धपारदर्शक भाग राहता कामा नये. रवा लावलेली सुरमई बाहेरून खरपूस आणि काट्याजवळ कच्ची असते कधी कधी. गर्दीच्या दिवसांत घाईत हे होतं. पहिला तुकडा मोडून बघा, मांस काट्यापासून सुटत नसेल तर परत तव्यावर टाकायला सांगायला लाजू नका. हळद-मीठ-लिंबू लावून ठेवलेला मासा कच्चाच असतो, रंग बदलला तरी. आणि कच्च्या मासळीचं पाणी कोशिंबिरीवर किंवा शिजलेल्या ताटावर ठिबकायला नको.

मासे खावेत का, याचं उत्तर आमच्या सोलापुरात फार चुकीचं दिलं जातं. लिव्हर म्हटलं की अंडी बंद, मटण बंद, मासे बंद, नुसता भात आणि मुगाचं पाणी. सहा महिन्यांत माणसाच्या दंडाचं, मांडीचं मांस झडतं. सिरॉसिसच्या माणसाला प्रथिनं कमी लागत नाहीत, उलट दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ६५ किलोच्या माणसाला ८० ते ९५ ग्रॅम झाले हे. १०० ग्रॅम मासळीतून १८-२० ग्रॅम मिळतात, म्हणून शिजलेला मासा ह्यांच्यासाठी चांगलंच अन्न आहे. पथ्य आहे ते मिठाचं, कारण पोटात पाणी होऊन गेलेलं आहे. दिवसभरातलं सगळं मिळून मीठ साधारण ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. खारवलेला बांगडा, सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचं हे ताटातून उतरवा. प्रवासात सोबत घ्याल ती शेंगाची चटणीही कमी मिठाची करून घ्या.

आता पाण्याचं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं सगळे हौसेनं पाण्यात उतरतात. ह्यांनी होडीत बसावं, वाळूवर बसावं, सूर्यास्त बघावा. पण आधी घरी, उजेडात, ह्यांचे पाय तुम्ही स्वतः बघा. जुन्या शुगरमध्ये तळपायाची जाणीव कमी होते, काच घुसली तरी कळत नाही. टाचेच्या भेगा, बोटांमधलं चिखल्यांनी सोललेलं कातडं, नखाजवळचं दुखणं, नुकतीच सुई टोचून पोटातलं पाणी काढलं असेल तर ती जागा : या सगळ्या उघड्या जखमाच धरा. त्यातलं काही असेल तर गुडघाभर पाणीसुद्धा नको. काही नसलं तरी अनवाणी नको. खडकांवर कालवांची तुटकी कवचं चिकटलेली असतात आणि ती पात्यासारखी कापतात. बंद बूट घालूनच फिरायचं. तरीही कापलं, तर लगेच बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं भरपूर धुवायचं. ‘समुद्राच्या पाण्यानं जखम बरी होते’ असं तिथं कुणीतरी सांगेलच, ते ऐकायचं नाही. २००५ साली अमेरिकेत कॅट्रिना वादळ झालं तेव्हा साचलेल्या पाण्यातून जखमा घेऊन चालत गेलेल्या लोकांना याच कुळातल्या जंतूंनी गाठलं होतं. जखमेतून १८ जण आजारी पडले, त्यातले ५ गेले.

आणि आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हा आजार किनाऱ्यावर दिसेलच असं नाही. जंतू शिरल्यापासून बहुधा एक ते तीन दिवसांत तो डोकं वर काढतो. म्हणजे तुम्ही घाट चढून, मिरज-सांगोला मागं टाकून घरी पोहोचलेल्या असता, फराळाचे डबे उघडलेले असतात, आणि ह्यांना थंडी वाजून ताप भरतो. सोलापुरात समुद्र कुणाच्याच डोक्यात येत नाही, डॉक्टरच्याही नाही.

काही वर्षांपूर्वी रात्री माझ्याकडं एक किराणा दुकानदार आले होते. सिरॉसिस माहीत असलेला पेशंट. सकाळच्या गाडीनं गावाहून आलो एवढंच सांगत होते. नडगीवर तळहाताएवढा लाल चट्टा, घरच्यांनी धावरे समजून लेप लावलेला. दिसायला साधं, पण पाय धरून माणूस ओरडत होता. दिसतंय त्याच्या मानानं दुखणं फारच जास्त असेल तर आम्ही सावध होतो. मी बॉलपेननं त्या लालीच्या कडेनं रेघ ओढली. तासाभरानं चादर बाजूला केली तर लाली रेघेच्या बाहेर दोन बोटं सरकलेली आणि मधोमध जांभळ्या पाण्यानं भरलेला फोड. तेवढ्यात त्यांची बायको सहज बोलून गेली, की रत्नागिरीला खडकावर घसरले तेव्हा इथंच सोललं होतं. त्या एका वाक्यानं पुढचं सगळं ठरलं. त्याच रात्री शिरेतून योग्य ती औषधं सुरू झाली, सर्जननं सडलेला भाग काढला. नंतर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, हाच जंतू वाढला. ते गृहस्थ वाचले. पायाला कातडी लावावी लागली, काठी घेऊन चालतात, पण दुकानात बसतात.

म्हणून ताई, समुद्रावरून आल्यानंतरच्या आठवड्यात ह्यांना थंडी-ताप, उलट्या-जुलाब, पायात असह्य कळ, पसरत जाणारी लाली, काळा-जांभळा फोड, चक्कर किंवा असंबद्ध बोलणं यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. बोलणं बिघडलं की घरचे म्हणतात लिव्हरमुळंच झालं असेल, नेहमीचं औषध देऊ; तसं करू नका. आयसीयू आणि सर्जन दोन्ही असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट कॅज्युअल्टीत जा आणि पहिल्या वाक्यात सांगा : ‘ह्यांना सिरॉसिस आहे, आणि परवा हे समुद्रात होते’, किंवा ‘शिंपल्या खाल्ल्या होत्या’. डॉक्टर घाईत असले तर पुन्हा सांगा. रक्त कल्चरला घेऊन लगेच औषध सुरू करता येतं; यात बहुधा डॉक्सीसायक्लिन आणि सेफ्टाझिडिमसारखी औषधं जोडीनं देतात, आणि पायाचं मांस सडत असेल तर शस्त्रक्रिया त्याच रात्री करावी लागते. घरी पेनकिलर देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक सिरॉसिसमध्ये किडनीला आणि आतल्या रक्तस्रावाला फार वाईट.

नातेवाइकांचं म्हणाल, तर शुगर, पोटाचा घेर आणि लिव्हरमधली चरबी यांतून, थेंबभर दारू न घेता, सिरॉसिस होतो. माझ्या ओपीडीत असे पेशंट दर आठवड्याला असतात, त्यात चूल आणि देवघर यांपलीकडं न गेलेल्या आजीबाईसुद्धा आहेत. हे पान कुजबुजणाऱ्यांना वाचायला द्या.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे, मोहोळ तालुक्यात शेती. कावीळ ‘सी’ झाली होती, औषधानं गेली, पण सिरॉसिस राहिला आहे. ते कार्तिकीला पायी पंढरपूरला जातात आणि चंद्रभागेत स्नान केल्याशिवाय दर्शनाला उभे राहत नाहीत. समुद्रातला तो जंतू नदीतही असतो का? — एक वाचक

उत्तर : भीमेचं पाणी गोडं आहे, व्हिब्रिओ व्हल्निफिकस तिथं राहत नाही. पण गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचा जंतू असतो, आणि सिरॉसिसच्या माणसाच्या जखमेत शिरला तर तोही जवळपास तसाच वागतो : ताप, पायावर पसरणारी लाली, फोड, मांस सडणं. शिवाय एकादशीला लाखो माणसं एका वाळवंटावर उतरतात. उजनीतून पाणी सोडलं तरी एवढ्या गर्दीत पाणी चांगलं राहू शकत नाही, मग त्यातून पोटाचे आजार, लेप्टोस्पायरोसिस आणि कावीळ ‘ई’ पसरण्याची भीती असते. आधीच थकलेल्या लिव्हरवर कावीळ ‘ई’ झाली तर ते एकदम कोसळू शकतं. पंढरपूरच्या वारीतल्या पटकीच्या साथींच्या गोष्टी जुन्या लोकांनी ऐकलेल्या आहेत, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

वारी थांबवा असं मी म्हणणार नाही. चालून आलेल्या वारकऱ्याच्या पायाला फोड आलेले असतात, ते घेऊन पाण्यात उतरू नये, एवढंच आहे. मुक्कामी बोअरच्या किंवा नळाच्या स्वच्छ पाण्यानं अंघोळ करावी, नदीवर काठाशी उभं राहून हात जोडावेत, तीर्थ म्हणून कपाळाला बोट लावावं, पोटात घेऊ नये. वाटेत प्यायचं पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंद. नवे बूट घालून निघू नका, पंधरा दिवस घरी वापरून मऊ केलेले घाला. सुती मोजे दोन जोड. रोज मुक्कामी कुणीतरी तरुण माणसानं बॅटरीच्या उजेडात दोन्ही तळवे बघावेत. दिंडीतल्या एका भरवशाच्या माणसाजवळ आजाराची आणि गोळ्यांची चिठ्ठी देऊन ठेवा. ताप आला तर दिंडीबरोबर चालत राहायचं नाही, हे निघण्याआधीच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. वडील विठ्ठलाचं ऐकणारे आहेत, तुम्ही त्याचंच नाव घेऊन सांगा.

प्रश्न : मी सोलापुरात मासळी विकते. उजनीची चिलापी, रोहू, कटला आणि बर्फातले बांगडे, कोळंबी. हाताला रोज काटे टोचतात. बाळंतपणाच्या वेळी रक्तात कावीळ ‘बी’ निघाली, लिव्हर चांगलं आहे म्हणाले. धंदा सोडू का? गिऱ्हाईकाला माझ्यापासून काही होईल का?

उत्तर : धंदा सोडू नका. कावीळ ‘बी’ रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला होते. तुम्ही विकलेला मासा घरी शिजवून खाल्ल्यानं कुणाला होत नाही. हात कापला तर पट्टी बांधून हातमोजा घाला. बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस मिळाली होती का, पुढचे डोस पूर्ण झाले का, ते कार्डावर बघा. नवऱ्याचीही तपासणी करून घ्या.

लिव्हर चांगलं असताना धोका सिरॉसिसच्या माणसाएवढा नसतो. पण ‘चांगलं आहे’ हे बाळंतपणातलं झालं. कावीळ ‘बी’ गुपचूप बसलेली असते, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी करायचीच, काही त्रास नसला तरी. सरकारी रुग्णालयात या आजाराची तपासणी आणि औषध राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतं, त्याची चौकशी करा.

काट्यांचं हसण्यावारी नेऊ नका. १९९६ साली इस्राएलमध्ये तळ्यात पोसलेली जिवंत चिलापी हाताळताना काटे टोचून अनेकांना व्हिब्रिओ व्हल्निफिकसचाच आजार झाला होता. उजनीचं पाणी गोडं, त्यामुळे तिथल्या चिलापीत त्या जंतूची फारशी भीती नाही. पण एरोमोनास आहेच, आणि तुमच्या टोपलीत शेजारी समुद्राची कोळंबी असते, तिच्या बर्फाचं पाणी त्याच हातांवर येतं. चिलापीच्या पाठीवरचा पंखा उभा राहतो तेव्हा काटा तळहातात खोल जातो. कापताना डाव्या हातात तरी जाड रबरी हातमोजा हवा, आणि पंखे आधी कात्रीनं उडवा. टोचलं तर काम बाजूला ठेवून साबणानं धुवा. फडक्याला पुसून पुढं जाऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. बोट ठणकायला लागलं, सूज मनगटाकडं चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना, आणि मासळीचा काटा टोचलाय हे सांगायचं.

प्रश्न : वय २९, मूळ सोलापूर, नोकरी पुण्यात. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आहे. ऑफिसच्या पार्टीत सुशी असते, गोव्यात ऑयस्टर खाल्लेत. बंद करू का?

उत्तर : नुसती चरबी म्हणजे सिरॉसिस नाही, तुमचा धोका पहिल्या पत्रातल्या काकांएवढा नाही. तरी कच्ची कालवं सोडाच. व्हिब्रिओ बाजूला ठेवला तरी कावीळ ‘ए’ आहे. १९८८ साली शांघायमध्ये सांडपाण्यानं दूषित झालेल्या शिंपल्या कच्च्या किंवा जेमतेम गरम करून खाल्ल्यानं जवळपास ३ लाख लोकांना कावीळ झाली होती. सुशीतला मासा गोठवून ठेवलेला असतो, त्यानं जंत मरतात, जंतू मरतीलच असं नाही. शिजवलेल्या कोळंबीची किंवा भाज्यांची सुशी मिळते, ती घ्या.

त्याहून निकडीचं म्हणजे नीट तपासणी. ग्रेड १ वरून लिव्हर किती कडक झालंय ते कळत नाही. शुगर, लिपिड, लिव्हरच्या चाचण्या आणि गरज पडली तर फायब्रोस्कॅन करून घ्या. कावीळ ‘बी’ची तपासणी करा, नसेल तर लस घ्या : पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कावीळ ‘ए’ची मृत जंतूंची लस दोन डोसांची असते, सहा महिन्यांच्या अंतरानं. दोन्ही लशी पहिल्या पत्रातल्या काकांनाही लागू आहेत. त्यांच्या घरच्यांनी सहलीला निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं.